‘ट्रॉलरवरचा वायरमन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

हलक्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या चार्जिंगला ओव्हरव्होल्टेजपासून, म्हणजे प्रमाणाबाहेर चढलेल्या व्होल्टपासून, संरक्षण कसे द्यावे, हा माझा लेख. व्होल्ट १६ वर गेला की उघडून चार्जिंग तोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, मी त्यात सुचवला होता. त्यावर आपण चार वाक्ये लिहिलीत. कारखान्याने जे दिले नाही ते बसवणे म्हणजे जुगाड. रिले उड्डाणात उघडला तर इंजिन बंद पडेल. असा बदल परवानगीवाचून करता येत नाही. आणि शेवटी, ‘ट्रॉलरवरचा वायरमन विमानाला हात लावतो तेव्हा असेच व्हायचे.’ मतभेदाला माझी ना नाही, परंतु टोपणनावाच्या आडून दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या धंद्यावर घसरणे याला आमच्याकडे टीका म्हणत नाहीत.

आपल्या म्हणण्यातली एक गोष्ट आधी मान्य करतो. लेखात मी नुसतेच ‘९१२’ लिहिले. ‘कार्ब्युरेटरचे ९१२’ असे लिहायला हवे होते. इंधन इंजेक्शनचे ९१२ आयएस विजेवाचून चालत नाही, तेव्हा त्याला ती आकृती लावू नये. ही दुरुस्ती लेखात केली आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात मात्र ठिणगीसाठी वीज देणारी गुंडाळी वेगळी आणि बॅटरी भरणाऱ्या गुंडाळ्या वेगळ्या असतात, मूळ इंधनपंपही इंजिनच चालवते; म्हणून चार्जिंग तुटले तरी इंजिन फिरतच राहते. माझ्यावर लिहिण्यापूर्वी आपण मॅन्युअलमध्ये हे पाहिले असते तर बरे झाले असते.

आता वायरमनविषयी. होय, मी एकोणीस वर्षे गोव्यातल्या मालिमच्या जेटीवर ट्रॉलरची वायरिंग केली, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी नांगरून पडल्या की आमची कामे सुरू होत. अशाच एका पावसाळ्यात एका ट्रॉलरची बॅटरीपेटी उघडली तेव्हा आंबूस वाफेने डोळे चुरचुरले. बॅटऱ्यांच्या बाजू पुरीसारख्या फुगल्या होत्या आणि त्यांतले पाणी पार आटले होते. व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर जळून अल्टरनेटरच्या फील्डला, म्हणजे त्यातले चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीला, अखंड पूर्ण वीज मिळत राहिली होती. बोटीच्या तांडेलाला (म्होरक्याला) विचारले, तर तो म्हणाला की हंगामाच्या शेवटी दिवे फार छान, पांढरेशुभ्र लागत होते. त्याला ती अल्टरनेटरची कृपाच वाटली होती! ज्याने तो पांढरा उजेड एकदा पाहिला आहे, त्याला ओव्हरव्होल्टेज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पण जेटीवरचे ज्ञान मी डोळे झाकून विमानात नेले, हा आपला समज चुकीचा आहे. ट्रॉलरवर, आणि सेस्नासारख्या विमानांच्या अल्टरनेटरवरही, फील्डची बारीक तार तोडली की निर्मिती थांबते. रोटॅक्सवर तोडायला फील्डच नाही, कारण क्रँकशाफ्टबरोबर फिरते ते कायमचे चुंबक, आणि इंजिन फिरते आहे तोवर त्याला बंद करणारे बटण जगात कुणी बनवलेले नाही. रेग्युलेटरमधला थायरिस्टर (वीज सोडणारा-अडवणारा भाग) शॉर्ट झाला, तर इंजिनाचा वेग वाढेल तसा व्होल्ट चढत जातो. जो भार १४ व्होल्टांवर तापतो, तोच २० व्होल्टांवर दुप्पट तापतो. रेडिओचे काय होईल ते आपणच ठरवा. म्हणून मी रिले डायनॅमो आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या एका पिवळ्या तारेवर घातला. तो बॅटरीच्या बाजूला घातला असता तर चालू इंजिनात रेग्युलेटरचा बॅटरीशी संबंध तुटला असता, आणि ते रेग्युलेटरच्याच जिवावर बेतते. रिलेच्या कॉइलची वीज गेली तर चार्जिंग थांबते, एवढेच. वैमानिकाला दिवा दिसतो, आणि बॅटरी आहे तोवर तो उतरण्याची जागा पाहतो.

रिले ज्या १६ व्होल्टांवर उघडतो, तो आकडाही मी जेटीवरून उचललेला नाही. निरोगी रेग्युलेटर सुमारे १४.२ व्होल्ट धरतो. मोठा भार बंद करताना क्षणभर जो झटका येतो त्याने रिले उगाच उघडू नये म्हणून वर जागा आणि थोडा विलंब ठेवावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी एका हौशी वैमानिकाच्या विमानावर, इंजिन जमिनीवर चालवून, मी बॅटरीवर १५.३ व्होल्ट मोजले. रेग्युलेटर बदलण्याची तयारी झाली होती. बॅटरीचा व्होल्ट रेग्युलेटरला कळवणारी तार ज्याला जोडतात, त्या रेग्युलेटरच्या सी टोकावर मी मीटर धरला, तर तिथे १४.२. त्या तारेच्या टोकाचा लग (धातूची जोडकडी) उघडला तेव्हा आत खाऱ्या हवेने चढवलेला हिरवा थर निघाला, आणि सगळे १.१ व्होल्ट त्या थरात अडकले होते. रेग्युलेटर बिचारा प्रामाणिक होता, त्याच्यापर्यंत पोहोचणारी बातमी खोटी होती. १६ च्या खाली असल्यामुळे माझा रिलेसुद्धा इथे गप्प बसला असता, हे मी लपवत नाही. म्हणूनच लेखात रिलेबरोबर व्होल्टमीटरही सांगितला आहे. तो लग उघडून पाहण्याची बुद्धी मला मालिमच्या जेटीने दिली, कारण तिथे दहांतल्या आठ बिघाडांत दोषी यंत्र नसते, सांधा असतो.

परवानगीचे म्हणाल, तर तो विषय विमानाचा मालक आणि विमान वाहतुकीचे सरकारी नियामक डीजीसीए यांच्यातला आहे. मी विजेविषयी लिहिले होते. आणि कारखान्याने दिले नाही म्हणून नको, या म्हणण्यावर मी वेळ घालवणार नाही.

आपल्या विमानाच्या सी तारेचा लग शेवटचा कधी उघडून पाहिलात, तेवढे मात्र जरूर कळवा. टोपणनावाने कळवलेत तरी चालेल.