मोबाईल डबीत सरकवला की झालं व्हीआर?

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे ३६० व्हिडिओ (एका जागेवरून चारी बाजू एकदम टिपणारा) हाच खरा व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जागेत शिरणं), कारण तो खऱ्या जागी शूट केलेला असतो, बाकी सगळं कार्टून. महाग हेडसेटमध्ये फक्त क्लॅरिटी जास्त, मोबाईल आणि पुठ्ठ्याच्या डबीत तेच मिळतं. आणि चक्कर आली की समजायचं माल अस्सल! लोक हे वाचून खरेदी करतायत म्हणून लिहितोय.

आधी ते "चारी बाजूंनी दिसतं म्हणजे व्हीआर". बिल्डर लोक फ्लॅटची व्हीआर टूर दाखवतात ना, बहुतेक वेळा ते ३६० फोटोच असतात. मान फिरवली की हॉल, किचन, बाल्कनी सगळं दिसतं, झकास. आता ओट्याखालच्या ट्रॉल्या नीट बघायला जरा पुढे वाका. काही जवळ येत नाही, आख्खं किचन तुमच्याबरोबर पुढे सरकतं, खाली बसलात तर ओटाही तुमच्यासोबत खाली बसतो. कारण फोटो ट्रायपॉड होता तिथून काढलाय आणि तुमचं डोकं तिथेच खिळलंय. खऱ्या व्हीआरमध्ये डोकं वीतभर सरकलं तरी त्या नव्या जागेवरून काय दिसेल ते चित्र नव्याने तयार होतं, दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं, सेकंदाला ७२ किंवा ९० वेळा. माझ्या लेखी फैसला इथेच होतो, बाकी सगळं नंतर.

"खरं शूट विरुद्ध कार्टून" हा वादच चुकीचा आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड या संगणकशास्त्रज्ञाने अमेरिकेत जो हेडसेट दाखवला त्यात दिसायचं काय, तर नुसत्या रेषांचा ठोकळा. पण छताला जोडलेला एक यांत्रिक दांडा डोकं कुठे आहे ते मोजायचा, त्यामुळे तुम्ही बाजूला सरकलात की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची. आणि कॅमेऱ्याशी काही वैर नाही हां, एखाद्या देवळाचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढून त्यांचं थ्रीडी मॉडेल केलं तर जागाही खरी राहते आणि खांबाआड डोकावताही येतं.

आता डबी. गूगल कार्डबोर्ड, म्हणजे मोबाईल सरकवायची पुठ्ठ्याची डबी, २०१४ ला आलं, मस्त आयडिया होती, हजारो रुपये न घालवता लोकांना चव कळली. पण फोनच्या जायरोला (वळणं मोजणारा सेन्सर) मान कुठे वळली तेवढंच नीट कळतं. सरकलात किती, हे अॅक्सेलरोमीटरवरून (वेग किती बदलतोय ते मोजणारा सेन्सर) काढायचं तर आधी वेग मग त्यातून अंतर, प्रत्येक पायरीला चूक वाढत जाते आणि काही सेकंदांत तुम्ही हिशोबाने भिंतीपलीकडे! म्हणून २०१६ च्या एचटीसी व्हाइवला खोलीच्या कोपऱ्यांत लेसर फिरवणारे डबे बसवावे लागायचे, आणि २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टने हेडसेटवरच चार कॅमेरे लावून तो उद्योग संपवला. बरं, किमतीवरही जाऊ नका, २०१८ चा ऑक्युलस गो हा वेगळा विकत घ्यायचा हेडसेट होता, तरी त्यालाही फक्त मान वळलेलीच कळायची.

राहिली चक्कर. रोलरकोस्टरच्या व्हिडिओत डोळे सांगतात वळण आलं, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो अरे आपण सोफ्यावर बसलोय. हे भांडण झालं की मळमळतं. मान वळवल्यावर चित्र उशिरा आलं तरी तेच, म्हणून तो उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत ठेवायची सगळी खटपट असते. चांगल्या हेडसेटवरही जॉयस्टिकने पळलात तर त्रास होऊ शकतो, त्यामुळेच कित्येक गेममध्ये चालण्याऐवजी टेलिपोर्टचा (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी घ्यायचा) ऑप्शन असतो, सेटिंगमध्ये तो आधी चालू करा. आणि मळमळायला लागलं तर सरळ हेडसेट काढा, अस्सल आहे म्हणून सोसत बसू नका.