शिळ्या कढीला ऊत: हिटलरची बाजू मांडणाऱ्या फॉरवर्डचा समाचार

‘जास्तीत जास्त शेअर करा’ असा शेवट असलेला एक मजकूर मराठी गटांमधून पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या महायुद्धात ज्यूंनी पाठीत खंजीर खुपसला म्हणून जर्मनी हरला. देशाचा पैसा, बँका, वर्तमानपत्रं सगळं त्यांच्या मुठीत होतं. त्यांना आजवर 109 देशांनी हाकललंय, म्हणजे दोष त्यांच्यातच असणार. वैतागलेल्या जनतेने हिटलरला प्रचंड बहुमताने निवडून दिलं. त्याने बघता बघता बेकारी संपवली, महामार्ग बांधले. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, हिटलरच्या तोंडी घातलेलं वाक्य: ‘मी सगळ्या ज्यूंना मारू शकलो असतो, पण थोडे सोडले, म्हणजे मी त्यांना का मारलं ते जगाला कळेल.’

यातली बरीचशी कढी शंभरेक वर्षांपूर्वीच जर्मनीत शिजली होती. 109चा आकडा आणि ते वाक्य तेवढं नंतर वरून घातलेलं.

‘ज्यूंनी खंजीर खुपसला’

29 सप्टेंबर 1918 रोजी स्पा इथल्या लष्करी मुख्यालयात जनरल लुडेनडॉर्फने कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, सांगितलं की युद्धबंदीची मागणी ताबडतोब करावी लागेल, आघाडी कधीही फुटू शकते. म्हणजे पराभवाची कबुली दिली ती खुद्द सेनापतीने. त्याच दमात त्याने असंही सुचवलं की आता संसदेतल्या पक्षांना सरकारात घ्या. यातली मेख अशी की तहावर सही नागरी नेत्यांची होणार आणि शिव्याही तेच खाणार. 11 नोव्हेंबरला काँपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात सही करणारा शिष्टमंडळाचा प्रमुख माथियास एर्झबर्गर हा कॅथलिक होता, ज्यू नव्हे. ऑगस्ट 1921 मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. युद्धातला सरसेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हिंडेनबुर्गने ‘पाठीत खंजीर’ची भाषा संसदीय चौकशी समितीपुढे वापरली ती नोव्हेंबर 1919 मध्ये, पराभवानंतर वर्षभराने.

आता ज्यूंनी काय केलं ते पाहू. सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते, त्यातले 12 हजारांच्या आसपास कामी आले. ‘ज्यू आघाडी टाळतात’ अशी ओरड झाली म्हणून ऑक्टोबर 1916 मध्ये युद्ध मंत्रालयाने सैन्यातल्या ज्यूंची स्वतंत्र मोजणी केली. तिचे निष्कर्ष युद्ध संपेपर्यंत जाहीरच केले नाहीत. मोजणी झाल्याचं सगळ्यांना ठाऊक, आकडे कुणालाच नाहीत, म्हणजे अफवेला मोकळं रान. ब्रिटिश नाकेबंदीत जर्मन कारखान्यांना कच्चा माल मिळत राहावा म्हणून 1914 मध्ये सरकारी खातं उभं करणारा वाल्टर राथेनाउ ज्यू होता. तो पुढे परराष्ट्रमंत्री झाला आणि जून 1922 मध्ये त्याचाही खून झाला. आणि कॉर्पोरल हिटलरला ‘आयर्न क्रॉस’ पहिल्या श्रेणीचा मिळावा म्हणून 1918 मध्ये शिफारस करणारा लेफ्टनंट ह्यूगो गुटमान हाही ज्यूच.

‘सगळं त्यांच्या मुठीत होतं’

जून 1933च्या जनगणनेत साडेसहा कोटींहून जास्त जर्मनांमध्ये ज्यू होते सुमारे पाच लाख. शंभरात एकही नाही. त्यातला तिसरा हिस्सा एकट्या बर्लिनमध्ये. वकिलांत आणि डॉक्टरांत त्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त होतं, आणि उल्श्टाइन व मोसे ही दोन मोठी वृत्तपत्रघराणी ज्यू होती. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण क्रुप, थिसेन, फ्लिक या पोलाद-कोळशाच्या साम्राज्यांत ज्यू मालक नव्हते. वृत्तसंस्थांपासून ‘उफा’ या चित्रपट कंपनीपर्यंत जाळं पसरलेला आल्फ्रेड ह्यूगेनबर्ग कट्टर जर्मन राष्ट्रवादी होता आणि हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाला. बहुसंख्य ज्यू होते दुकानदार, कापडवाले, गुरांचे व्यापारी, कारकून. मूठ म्हणायची ती हीच.

‘109 देशांनी हाकललं’

हा आकडा कसा बनतो ते एकदा नीट बघावं. यादीत माइन्त्झसारखी शहरं आणि छोटी संस्थानं एकेक ‘देश’ म्हणून धरलेली असतात. तेच ठिकाण दोन-तीनदा येतं. आणि इथेच खरी गंमत आहे. दोनदा हाकलायचं तर मध्ये एकदा परत बोलवावं लागतं. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने 1306 मध्ये ज्यूंना हाकललं, त्यांची मालमत्ता जप्त केली आणि त्यांची लोकांकडची येणी स्वतःच्या खजिन्यात वसूल करायला घेतली. 1315 मध्ये त्याच्या मुलाने त्यांना परत येऊ दिलं, कारण खजिना पुन्हा रिकामा. इंग्लंडात आधी भरमसाट कर लावून त्यांना पिळलं, 1275 मध्ये व्याजाचा धंदा बंद केला आणि 1290 मध्ये, पिळण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, घालवून दिलं. त्याच सुमारास संसदेने राजाला मोठा कर मंजूर केला.

मग ते सावकारीतच का होते? युरोपच्या बऱ्याच भागात त्यांना शेतजमीन धरता येत नव्हती. कारागिरांच्या संघात शिरायचं तर ख्रिस्ती शपथ घ्यावी लागे. चर्चने ख्रिस्त्यांना व्याज घ्यायला बंदी केलेली, पण कर्जाची गरज तर राजापासून कुणब्यापर्यंत सगळ्यांना. म्हणजे तीन दारं बंद करायची, चौथं उघडं ठेवायचं आणि मग ‘हा मेला नेहमी याच दारातून येतो’ म्हणून ओरडायचं.

स्ट्रासबुर्गचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. 1348 मध्ये प्लेग पसरू लागला तशी ‘ज्यूंनी विहिरींत विष टाकलं’ ही आवई उठली. पोप सहावा क्लेमेंट याने त्याच वर्षी फर्मान काढून स्पष्ट केलं की प्लेगने ज्यूही मरतात, आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही प्लेग आहेच. स्ट्रासबुर्गच्या नगरसभेने आधी ज्यूंना संरक्षण दिलं. तेव्हा कारागिरांच्या संघांनी ती सभाच उलथवली. 14 फेब्रुवारी 1349 रोजी शेकडो ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत जाळलं. लोकांची कर्जं रद्द झाली, तारण परत मिळालं, रोकड वाटून घेतली. त्या दिवशी प्लेग शहरात अजून पोहोचलासुद्धा नव्हता.

‘दोष त्यांच्यातच’ हे म्हणणं तपासायला आपल्याला लांब जावं लागत नाही. अलिबाग-पेण पट्ट्यातले बेने इस्रायल ज्यू शतकानुशतकं कोकणात राहिले. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. मराठी बोलायचे, गावाच्या नावावरून आडनावं लावायचे. त्यांना इथून कुणी हाकललं नाही, विहिरीत विष टाकल्याचा आळ घेतला नाही. धर्म तोच, शब्बाथ तोच. फरक होता तो भोवतालच्या समाजात आणि राज्यकर्त्यांत.

जुन्या द्वेषातून निदान बाप्तिस्मा घेऊन सुटता यायचं. एकोणिसाव्या शतकात ती वाटही बंद झाली. 1879 मध्ये विल्हेल्म मार या पत्रकाराने ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द चलनात आणला. दावा असा की प्रश्न धर्माचा नाही, वंशाचा आहे, रक्ताचा आहे. त्याच वर्षी ट्राइट्श्के या नामवंत इतिहासकाराने लिहिलं, ‘ज्यू हे आमचं दुर्दैव’. पुढे हेच वाक्य ‘डेर श्टुर्मर’ या नाझी साप्ताहिकाचं ब्रीद झालं. पण सप्टेंबर 1935 मध्ये ज्यूंचे नागरी हक्क काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे झाले तेव्हा ज्यू म्हणजे नक्की कोण, हे ठरवता येईना. रक्ताची अशी चाचणीच नव्हती. अखेर 14 नोव्हेंबर 1935च्या नियमावलीत पळवाट काढली: आजी-आजोबा चौघांपैकी तिघे ज्यू असतील तर माणूस ज्यू. आणि आजोबा ज्यू होते हे कशावरून? ते ज्यू धर्मसमाजाचे सभासद होते यावरून. म्हणजे वंशाचा कायदा चालायचा तो धर्माच्या नोंदींवर. लाखो जर्मन आजी-आजोबांच्या बाप्तिस्म्याचे दाखले मिळवायला चर्चच्या वह्या उलटत होते.

‘प्रचंड बहुमताने निवडून दिलं’

मोकळ्या निवडणुकीत नाझींना बहुमत एकदाही मिळालं नाही. मे 1928 मध्ये 2.6 टक्के, 12 जागा. सप्टेंबर 1930 मध्ये 18.3 टक्के, 107 जागा. जुलै 1932 हा कळस: 37.3 टक्के, 608 पैकी 230. आपल्या पद्धतीत 37 टक्क्यांवर बहुमत मिळून जाऊ शकतं. तिथे साधारण 60 हजार मतांमागे एक जागा असं प्रमाण होतं, त्यामुळे तशी लॉटरी नव्हती. नोव्हेंबर 1932 मध्ये तर ते घसरून 33.1 टक्क्यांवर आले, 34 जागा गेल्या. त्याआधी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या थेट निवडणुकीत हिंडेनबुर्गला 53 आणि हिटलरला 36.8 टक्के मतं पडली होती.

मग सत्ता आली कशी? संसद 1930 पासूनच लुळी होती. घटनेच्या 48व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षांचे वटहुकूम काढून कारभार चालायचा. 30 जानेवारी 1933 रोजी हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, नेमलं ते माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि मंडळींच्या आग्रहावरून. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच. ‘आपण त्याला कोपऱ्यात दाबून ठेवू’ हा पापेनचा हिशेब. 27 फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकमाने भाषण, सभा, वृत्तपत्रं, टपालाची गुप्तता, सगळी हमी रद्द. कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. अशा वातावरणात 5 मार्चला मतदान झालं, तरीही नाझींना 43.9 टक्केच.

शेवटचा घाव 23 मार्चचा. सरकारला संसदेशिवाय कायदे करू देणारं विधेयक घटनादुरुस्तीसारखं होतं. दोन तृतीयांश सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. 647 जागांपैकी 81 कम्युनिस्ट तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा. सोशल डेमोक्रॅटही गैरहजर राहिले तर कोरम मोडेल ही भीती होती, म्हणून कामकाजाचा नियमच बदलला: विनापरवानगी गैरहजर राहणारा हजर धरला जाईल. बैठक क्रोल ऑपेरागृहात, मार्गिकांत गणवेशातले नाझी निमलष्करी उभे. कॅथलिक सेंटर पक्षाने होकार दिला. 444 विरुद्ध 94. ते 94 सगळे सोशल डेमोक्रॅट होते, त्यांच्या 120 सदस्यांपैकी सभागृहात पोहोचू शकले तेवढे. जुलैत बाकी सगळे पक्ष बेकायदा झाले. ‘प्रचंड बहुमत’ यानंतरचं आहे, जेव्हा मतपत्रिकेवर एकच यादी उरली होती.

‘बेकारी संपवली, महामार्ग बांधले’

जोडीला ‘1923च्या महागाईने हिटलर आणला’ हेही चालतं. महागाई 1923 अखेरीस नवं चलन आणून थांबवली, आणि साडेचार वर्षांनी नाझींना पडले 2.6 टक्के. त्यांची चढती कमान सुरू झाली ती मंदीत, चॅन्सेलर ब्रूनिंगचं सरकार पगार आणि खर्च कापत सुटलं तेव्हा. 1932च्या सुरुवातीला नोंदणीकृत बेकार 60 लाखांवर गेले. युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लादलेल्या खंडणीचं म्हणाल तर ती जुलै 1932च्या लोझान परिषदेत जवळजवळ निकालात निघाली होती, हिटलरच्या सहा महिने आधी.

बेकारी घटली हे खरं. पण कशी? रोजगार कामांचा पैसा हिटलरच्या आधीच्या पापेन आणि श्लायशर यांच्या सरकारांनीच मंजूर करून ठेवला होता. जून 1933 पासून नवविवाहितांना 1,000 मार्कांपर्यंत कर्ज मिळू लागलं, अट ही की बायकोने नोकरी सोडायची. म्हणजे एक नोकरी रिकामी आणि ती बाई बेकारांच्या यादीतही नाही. मार्च 1935 मध्ये सक्तीची लष्करभरती, जूनमध्ये तरुणांना सहा महिन्यांची सक्तीची श्रमसेवा. शस्त्रास्त्रांचा खर्च अंदाजपत्रकात दिसू नये म्हणून ‘मेफो’ नावाची नाममात्र कंपनी काढून तिच्या हुंड्यांवर 1938 पर्यंत सुमारे 12 अब्ज मार्क उचलले. हुंड्या वटवायची वेळ आली तेव्हा तिजोरीत खडखडाट होता.

महामार्गाचं सोपं आहे. कोलोन ते बॉन हा पहिला, 6 ऑगस्ट 1932 रोजी कोलोनचा महापौर कोनराड आडेनाउअर याने खुला केला. पुढे ऑटोबानवर गर्दीच्या काळातही सव्वा लाखाच्या आसपासच मजूर होते. 60 लाखांपुढे ते किती?

‘थोडे सोडले’

हे वाक्य हिटलरच्या भाषणांत, लेखनात किंवा टिपणांत कुठेही नाही. आणि नाझींचं वागणं बरोबर उलटं होतं. 20 जानेवारी 1942च्या वानसे बैठकीच्या, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आखणी करणाऱ्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीच्या, इतिवृत्तात देशवार तक्ता आहे, बेरीज 1 कोटी 10 लाखांवर. त्यात जर्मनांच्या ताब्यात नसलेलं इंग्लंड आहे, 3,30,000. आयर्लंड 4,000. अल्बानियाचे 200 सुद्धा सुटलेले नाहीत. ‘इतके सोडावेत’ असा रकाना त्यात नाही. जगाला कळावं हाही हेतू नव्हता. ऑक्टोबर 1943 मध्ये पोझेनला एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या अधिकाऱ्यांपुढे तिचा प्रमुख हिमलर म्हणाला की हे आपल्या इतिहासातलं कधीही न लिहिलं जाणारं पान आहे. एसएस अधिकारी पॉल ब्लोबेलच्या हाताखालच्या तुकड्या तर पूर्वेकडे पुरलेली प्रेतं उकरून जाळत होत्या, पुरावा राहू नये म्हणून.

जुलै 1944 मध्ये एजियन समुद्रातल्या ऱ्होड्स बेटावर सुमारे 1,700 ज्यू होते. दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरून दीड महिना झाला होता, पूर्व आघाडी कोसळत होती. तरी 23 जुलैला त्यांना मालवाहू पडावांत कोंबून पिरेयसला नेलं, तिथून रेल्वेच्या डब्यांतून ऑश्वित्झच्या मृत्युछावणीत. प्रवासाला तीन आठवड्यांहून जास्त लागले. पडाव सुटले त्याच सुमारास सोव्हिएत सैन्य पोलंडमधल्या मायदानेक छावणीत शिरत होतं. ऱ्होड्सच्या त्या माणसांपैकी दीडशेच्या आसपास वाचली.