तिजोरीवाल्यांसाठी चार शब्द

पैसा चिकार झालाय आणि वयही होत चाललंय, अशी दुहेरी अडचण असेल तर घाबरून जाऊ नका. मार्गदर्शन उपलब्ध आहे. जरा जुनं आहे इतकंच: १५३८ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात छापलेलं पुस्तक, त्यात चित्रकार हान्स होल्बाइनने काढलेली मृत्यूची ४१ चित्रं. एकेक चित्र आगपेटीहून जरासं मोठं, तेव्हा चष्मा लावूनच बसा.

आधी खोलीचं बघू. चित्रातल्या शेठजींनी खर्चात कसूर केलेली नाही. खिडकीला जाडजूड गज, कुलपं घातलेल्या पेट्या, टेबलावर नाण्यांच्या राशी. तरीही हाडांचा सापळा, म्हणजे खुद्द मृत्यू, आत येऊन चक्क बैठक मारून बसलाय आणि मुठी भरभरून नाणी उचलतोय. शेठजी हात वर करून बोंबलतायत. इथे नीट लक्ष द्या. बोंब जिवासाठी नाही, नाण्यांसाठी आहे. वाळूचं घड्याळ शेजारीच आहे, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला? हा गुण जरूर घ्या. चूक एकच झाली, खिडकी ठेवली. माणसाला गज अडवतात. सापळ्याच्या अंगात मुळातच इतक्या फटी, त्याला गजांचं काय?

व्यापारात असाल तर माल बंदरात पोचू देऊ नका. होल्बाइनच्या व्यापाऱ्याचा माल सुखरूप आलाय, गाठोडी धक्क्यावर उतरलीयत, आणि नेमका तेव्हाच सापळ्याने त्याला धरलाय. मग जहाज समुद्रातच ठेवावं म्हणाल, तर दुसऱ्या एका चित्रात हाच सापळा भर वादळात डोलकाठी मोडताना दिसतो. थोडक्यात, उधारीवर धंदा करा आणि ऑफिसात बसू नका.

न्यायदानाच्या क्षेत्रातल्या मंडळींनी पाठ भिंतीला टेकून बसावं. चित्रातला न्यायाधीश पैसेवाल्या पक्षकारापुढे हात पसरून बसलाय, गरीब बाजूला ताटकळतोय, आणि मागून कुणीतरी न्यायाधीशाची काठी काढून घेतंय. खाण्यात दोष नव्हता हो, बैठकव्यवस्थेत होता.

शेतकऱ्याचं चित्र मात्र सोडून द्या, उगीच डोकं फिरेल. तिथे हाच सापळा घोडे हाकतोय, म्हाताऱ्याची नांगरणी उरकून देतोय. लांबवर चर्चच्या मागे सूर्य कलतोय. आयुष्यभर कर भरायचा आपण आणि फुकटचा गडी मिळायचा त्याला!

आता हे ज्याने कोरलं त्याची गोष्ट, म्हणजे काय करू नये ते कळेल. चित्र काढलं होल्बाइनने, छापण्यासाठी लाकडी ठोकळ्यांवर कोरलं हान्स ल्युत्झेलबुर्गरने. या कामात रेघ तेवढी उभी ठेवायची आणि भोवतालचं सगळं लाकूड कोरून काढायचं. केसाएवढी रेघ, हात हलला की तुटली. एवढ्याशा ठोकळ्यात नाण्यांची रास, गज, बरगड्या, सगळं बसवलं पठ्ठ्याने. हयातभर नको ते काढून टाकण्याचा धंदा करणाऱ्याकडे शिल्लक काय राहणार? १५२६ साली तो गेला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं, आणि मृत्यूचे ठोकळे घेणेकऱ्याकडे, ल्योंच्या त्रेक्सेल प्रकाशकांकडे, गेले. पुस्तक बाहेर पडायला पुढे १२ वर्षं लागली. प्रस्तावनेत चित्रकर्त्याच्या मरणाबद्दल मोठी हळहळ आहे: आपल्याला हा इतका हुबेहूब रंगवणार या धास्तीने मृत्यूनेच म्हणे त्याला लवकर नेला. कर्जाचा उल्लेख अर्थातच नाही. शोकसभेत हिशेब काढत नाहीत. आणि होल्बाइन? तो तेव्हा लंडनमध्ये आठव्या हेन्री राजाच्या दरबारात धडधाकट होता. पुस्तकावर त्याचं नावच नव्हतं, त्यामुळे खुलासा करायचाही प्रश्न नाही. तो गेला १५४३ मध्ये. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझं सामान विका, घोडाही विका, आणि देणी भागवा. दोघांनी मिळून ४१ चित्रांत श्रीमंतांची खिल्ली उडवली. वेळीच एक मुदत ठेव काढली असती तर!

तुम्ही शहाणे आहात. मूळ छाप कुठे लिलावात आलाच तर किंमत न विचारता घ्या. चांगली फ्रेम करा, विमा उतरवा आणि बिनखिडकीच्या खोलीत टांगा. डचेसचं चित्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. बाई उंची पलंगावर आहेत, एक सापळा पांघरूण ओढतोय, दुसरा सारंगीसारखं वाद्य वाजवतोय. पलंगाच्या पायथ्याशी भिंग धरलंत तर ‘एच एल’ अशी दोन अक्षरं कोरलेली दिसतील. सगळ्या ठोकळ्यांत ल्युत्झेलबुर्गरने आपली सही तेवढी तिथे ठेवली. पाहुणे विचारतील, हे कोण? सांगा, असेल कोणी पलंग करणारा सुतार.