माझ्या आत्याला लोभी म्हणू नका

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आत्याकडे एक राणीछाप रुपया आहे, 1862 चा. सासूकडून आलेला, दर लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतात तो. मोबाईलवर व्हिडिओ आला, 'हे नाणं असेल तर घरबसल्या दहा लाख!' तिने फोन लावला. पलीकडच्या भामट्याने रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेलं खोटं पत्र पाठवलं. आधी नोंदणी फी, मग टॅक्स, मग विमा. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पैसे गेले. आणि फॅमिली ग्रुपवर आमचे एक सुशिक्षित बंधुराज लिहितात, 'लोभ नडला.'

लोभ? ती कधीपासून घरातल्या प्रत्येकाला विचारत होती, "याचं काय येईल रे?" कुणी उत्तर दिलं? सराफाने तराजूत टाकून चांदीचा भाव सांगितला. त्याचा धंदाच तो, त्याचं चुकलं नाही. बाकीच्यांनी "ठेव गं, अँटिक आहे" म्हणून बोळवण केली. व्हिडिओवाल्याने मात्र तासभर गोड बोलून ऐकून घेतलं!

खरं उत्तर दोन मिनिटांचं होतं. 1862 हेच साल टाकून टांकसाळी 1874 पर्यंत रुपये पाडत राहिल्या, त्यामुळे ते भरपूर सापडतात. उलट 1939 चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया कितीतरी नवा, पण दुर्मीळ, त्याला संग्राहक मोठी रक्कम मोजतात. नाणं किती जुनं यापेक्षा तशी किती उरलीत, कुठल्या टांकसाळीचं आहे, किती झिजलंय, यावर किंमत ठरते. (आणि कृपा करून दिवाळीला चिंच-रांगोळीने घासू नका. आत्याच्या राणीचं नाक त्यातच गेलं.)

काही नाणी लाखांत जातात, मान्य. पैसे भरण्याआधी तिने कुणाला तरी सांगायला हवं होतं, तेही मान्य. पण कुणाला सांगणार होती? हसणाऱ्यांना?

दुपारी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा (आजचा दहा ग्रॅमचा नव्हे), त्यात जवळपास 92 टक्के चांदी. चांदीचे पैसे आणि वर थोडेफार, एवढंच येईल. ती शांतपणे म्हणाली, "पोरांपुढे हात पसरायला नको, म्हणून विकत होते गं." मला पुढे बोलवेना.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केलीय. असं कुणाचं झालं असेल तर लाजू नका, लगेच फोन करा, जितका लवकर तितकं बरं. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असली फी मागत नाही. हे आपल्या आई-मावश्यांना आज रात्री वाचून दाखवा, फॉरवर्ड करून मोकळे होऊ नका.

कुणाच्या घरी जुनं नाणं असेल तर दोन्ही बाजूंचा स्वच्छ उजेडातला फोटो मला पाठवा. जेवढं कळतं तेवढं नक्की सांगेन.