बाग हलवू नका, लिफ्ट मागा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. राणीची बाग, म्हणजे मुंबईचं प्राणिसंग्रहालय, भायखळ्यातून उचलून शहराबाहेर न्यावी, तिथे जनावरांना ऐसपैस जागा मिळेल आणि हजार गाड्यांचं पार्किंगही करता येईल, असा त्याचा आशय. त्याखाली माझ्या सख्ख्या भावाचा अंगठा. दादा ठाण्याला राहतो, गाडी चालवतो आणि रविवारी मुलांना कुठे न्यायचं हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न आहे, हे मला कळतं. पण त्याच्याही खाली मावसवहिनीने जे लिहिलं ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ट्रेनने येणारी गर्दीच बाग घाण करते. लांब नेली की आपोआप चाळण लागेल."

ट्रेनने येणारी गर्दी म्हणजे कोण? आपणच ना! डोंबिवलीची आत्या मे महिन्याच्या सुट्टीत पोरांची पलटण घेऊन स्लो लोकलने भायखळ्याला उतरायची. आम्ही लालबागहून चालत जायचो. बागेच्या फाटकाशी भेट ठरलेली असायची आणि आत्या आधी सगळ्यांची डोकी मोजायची, मगच तिकिटाच्या रांगेत उभी राहायची. परतीची रेल्वेची तिकिटं तिने रुमालाच्या गाठीत बांधलेली असायची. बाबा आम्हाला आधी काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी न्यायचे. फोर्टातला काळा घोडा तो हाच, १९६५ साली तिथून उचलून इथे आणला, हे ते दरवेळी तितक्याच उत्साहाने सांगायचे. मग पाणघोड्याचा हौद. धाकट्याला खांद्यावर घेऊन बाबा तिथे तासभर उभे राहायचे, कारण पाणघोडा डोकं वर काढेपर्यंत हलायचं नाही असा आमचा हट्ट. कोकणातून मामा-मामी आले तरी मुंबई दाखवायच्या यादीत म्हातारीचा बूट आणि राणीची बाग असायचीच. आमच्यात कुणाकडे गाडी नव्हती. गाडीवाल्यांसाठीच बाग असती तर आमच्या अख्ख्या खानदानाने वाघ फक्त पाठ्यपुस्तकात पाहिला असता. वहिनीही गिरगावातल्या चाळीत वाढली आहे. आता चाळण लावायची भाषा तिला कशी सुचते, हे मला खरोखर समजत नाही.

मी बर्लिनच्या पूर्वेला राहते, फ्रीडरिक्सफेल्डेजवळ. या शहरात प्राणिसंग्रहालयं दोन. जुनं १८४४ सालचं, शहराच्या ऐन मध्यात. त्याच्या नावाचं स्टेशन १८८२ साली झालं आणि आज तिथे एस-बान म्हणजे इथली लोकल, यू-बान म्हणजे मेट्रो, प्रादेशिक गाड्या, बस सगळं थांबतं. बाहेर पडून हार्डेनबर्गप्लाट्स ओलांडला की समोर सिंहद्वार. जर्मनीच्या फाळणीच्या काळात हे जुनं प्राणिसंग्रहालय पश्चिमेला गेलं, म्हणून पूर्वेने १९५५ साली आपलं स्वतःचं उभं केलं, टिअरपार्क. ते माझ्या घराजवळ. यू-फाइव्ह या मेट्रोने टिअरपार्क स्टेशनला उतरायचं, जिना चढायचा किंवा लिफ्ट घ्यायची, की फाटक दोन मिनिटांवर.

सकाळी नऊ-साडेनऊच्या यू-फाइव्हमध्ये बघावं. कुठल्यातरी कीटाची, म्हणजे बालवाडीची, मुलं पिवळी जाकिटं घालून दोघं-दोघं हात धरून चढतात. पुढे एक बाई, मागे एक बाई. मुलं चढेपर्यंत लोक दारातून बाजूला होतात, कामावर जाणारा माणूस उठून जागा देतो आणि अख्खा डबा वाघाची डरकाळी कशी असते ते ऐकून घेतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. शाळकरी मुलांना तर २०१९ च्या ऑगस्टपासून शहरभर प्रवास फुकट आहे. माझ्या शेजारणीच्या मुलाला जिराफ बघायला आईबाबांना सुट्टी असावी लागत नाही, घरी गाडी असावी लागत नाही. बाई म्हणाल्या, चला, की निघाले. आत जायचं तिकीट महाग आहे हे मान्य. राणीच्या बागेत मोठ्या माणसाला ५० रुपये, इथे त्या तुलनेत बरेच पैसे मोजावे लागतात. पण तो वेगळा विषय आहे. मी बोलते आहे ती वाटेबद्दल.

दादाचं म्हणणं, जनावरांना जागा नको का? हवी. पिंजऱ्यात येरझारा घालणारं जनावर बघून मलाही गलबलतं. मग टिअरपार्क बघा. १६० हेक्टर आहे, राणीच्या बागेच्या कितीतरी पट. जनावरांना पळायला जागा आहे, आणि तरीही १९७३ साली यू-बान थेट तिथपर्यंत नेली. त्याआधीही ट्राम होतीच. मोठी जागा आणि लोकांची गाडी यांचं वैर नाही. वैर असतं ते आधी बाग लांब न्यायची आणि बसचं मग बघू म्हणायचं या पद्धतीशी. नागपूरला काय झालं? जुनं प्राणिसंग्रहालय महाराजबाग सीताबर्डीच्या कुशीत, कुणीही पायी जावं अशी. नवं भव्य प्राणिउद्यान २०२१ साली गोरेवाड्याला सुरू झालं. जागा सुंदर आहे, जंगलच आहे. पण नागपूरची मेट्रो तिथे जात नाही. पुण्यात पेशवे पार्कातली जनावरं कात्रजला गेली तेव्हा निदान स्वारगेट-कात्रजच्या बसचा रस्ता होता, म्हणून आजही कॉलेजची पोरं आणि खेड्यातून आलेली कुटुंबं बसने तिथे पोचतात. आता स्वारगेटहून कात्रजपर्यंत पाचेक किलोमीटरची भुयारी मेट्रोही मंजूर झाली आहे. हे असं व्हायला हवं.

आणि मुंबईकडे तर हे आयतं होतं, यातच माझ्या संतापाचं मूळ आहे. बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. भायखळा स्टेशनची आजची इमारत त्याच्याही आधीची, १८५७ ची. २०२२ साली तिच्या जतनासाठी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, त्याचे फोटो याच ग्रुपवर सगळ्यांनी अभिमानाने टाकले होते. देशातली पहिली गाडी बोरीबंदरहून धावली ती ठाण्यापर्यंत. दादा, ठाण्यापर्यंत! तुझ्या घरापासून राणीच्या बागेपर्यंत रूळ टाकून पावणेदोनशे वर्षं होत आली. एकही गाडी बदलावी लागत नाही. भायखळ्याला पूर्वेला उतरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं चालायचं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही तसंच. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, बिबटे असलेलं, आणि फाटक लोकल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. असं दुसरं महानगर दाखवा मला. इथले लोक टिअरपार्कचं कौतुक करतात तेव्हा मी त्यांना बोरिवलीबद्दल सांगते आणि त्यांचा विश्वास बसत नाही. शहराच्या आत, लोकलने? हो, लोकलने.

हजार गाड्यांच्या पार्किंगमध्ये माणसं येतील किती? गाडीत चार-पाच धरली तरी भरून पाच हजार. तेवढी माणसं गर्दीच्या वेळी एक-दीड लोकलमध्ये मावतात. हा हिशेब मुंबईत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांच्या वर बस होत्या, आता तीन हजारही उरल्या नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. त्यावर ग्रुपवर चकार शब्द नाही. पार्किंग मात्र हवं. जर्मनीत महिन्याचं देशभराचं तिकीट २०२३ साली ४९ युरोंना निघालं, नंतर ते महागलं, तेव्हा माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गाडी असलेली माणसंही चिडली होती. प्रवासाचं भाडं वाढलं की आपलं काहीतरी गेलं असं ज्या शहरात सगळ्यांना वाटतं, तिथेच बागेच्या दारात स्टेशन टिकतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. थोडं जास्तच लांब लिहिलं असेल. संध्याकाळी दादाचा फोन आला. "तिकडे बसून शिकवू नकोस," म्हणाला. "परवा आईला नातवंडांबरोबर बाग बघायची होती. स्टेशनचे जिने तिला तू चढवणार आहेस का? गर्दीत तिचा हात कोण धरणार, तू?"

हे जिव्हारी लागलं, कारण त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आईचे गुडघे गेले आहेत. दवाखाना, बँक, लग्नं, बारशी, सगळीकडे तिला दादाच नेतो, गाडीतूनच नेतो. मी दर दोन-तीन वर्षांनी येते तेव्हा मलाही विमानतळावर घ्यायला गाडी येते. मी लोकलने जाते म्हटलं की घरात सगळे एका सुरात म्हणतात, "तुला आता सवय नाही." ज्या गर्दीत मी बाबांचा शर्ट धरून वाढले, तिची मला सवय नाही! वहिनीवर मी एवढी का उखडले, याचं कारण बहुधा हेच आहे. ट्रेनने येणारी गर्दी नको म्हणताना तिने मला नको म्हटल्यासारखं वाटलं, आणि घरच्यांनी मला त्या गर्दीतून केव्हाच वजा केलेलं आहे. इथे बर्लिनमध्ये, तू मूळची कुठली, हे मला अजूनही विचारलं जातं. कामाच्या ठिकाणी, घरमालकाकडे, डॉक्टरकडे. यू-फाइव्हमध्ये कुणी विचारत नाही. पास खिशात असला की चढायचं, बसायचं. उलट कधी कधी एखादा गोंधळलेला पाहुणा मलाच विचारतो, प्राणिसंग्रहालयाला जायला कुठे बदलू? तेव्हा मला फार बरं वाटतं. मुंबईत अनोळखी माणूस मला पत्ता विचारत असे ते दिवस आठवतात.

पण दादा, तुझा प्रश्न खरा असला तरी त्याचं उत्तर पार्किंग हे नाही. आईसारख्या बाया त्या लोकलच्या मार्गावर लाखांनी आहेत आणि बहुतेकींच्या मुलाकडे गाडी नाही. त्यांनाही पाणघोडा बघायचा असेल. इथे माझी एक मैत्रीण आहे, तिची आई चाकाच्या खुर्चीत असते. गेल्या उन्हाळ्यात त्या दोघी लिफ्टने फलाटावर उतरल्या, गाडीत खुर्चीसाठी मोकळी ठेवलेली जागा होती, टिअरपार्कला पुन्हा लिफ्टने वर आल्या. लिफ्ट इथेही बंद पडतात, लोक बोंबलतात, आणि ते बोंबलतात म्हणून त्या दुरुस्त होतात. आपण कशासाठी ओरडायचं एवढंच मी विचारते आहे. पूर्व उपनगरातल्या प्रत्येक स्टेशनला चालती लिफ्ट. स्टेशनपासून बागेच्या फाटकापर्यंत अखंड, म्हातारं माणूस काठी टेकत जाईल असा फुटपाथ, मध्ये कुठेतरी बसायला बाक. सुट्टीच्या दिवशी स्टेशन ते बाग सतत फिरणारी बेस्टची छोटी बस. हजार गाड्यांच्या पार्किंगपुढे हा खर्च काहीच नाही, आणि त्याचा उपयोग बाग बंद असते त्या बुधवारीही होईल.

पत्र मी लिहून पाठवते, रेल्वेला वेगळं आणि पालिकेला वेगळं. मराठी अजून नीट लिहिता येतं मला. खाली सही मात्र तुझी लागेल, आणि आईची. माझ्याकडे आता ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, मतदारयादीत माझं नाव नाही, माझ्या पत्राला खासदाराच्या कचेरीत कोण विचारणार? वहिनीलाही सही करायला सांग. तिने नाही म्हटलं तर मला फोनवर दे, मी बोलते तिच्याशी.