१ जूनला जन्मलेले आजोबा आणि सरांची हरकत

सर नमस्कार, पोरांना जुने कागद देऊन इतिहास शिकवण्याच्या माझ्या पोस्टवर एवढी सविस्तर प्रतिक्रिया टाकलीत, बरं वाटलं, राग वगैरे अजिबात नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पाचवी-सहावीच्या पोरांच्या हातात जुने कागद देणं हा टाइमपास, आधी सनावळ्या पक्क्या होऊ देत, बाकीचं कॉलेजात बघू. आणि इंग्रज सरकारची बाजू दाखवली तर पोरं आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांनाच गुन्हेगार समजतील.

सनावळ्या नकोत असं मी कुठं म्हटलंय? पण कागदावर छापलंय म्हणजे खरंच, ही सवय पाचवीतच लागते ना सर. आमच्याकडं पोरांनी घरातल्या म्हाताऱ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले आणले, मांडून बसली, तर निम्म्याहून जास्त आजोबा १ जूनला जन्मलेले! एका पोराचे तर आजोबा, त्यांचा भाऊ आणि शेजारचे काका पण, सगळे १ जून. मग घरी विचारलं तेव्हा कळलं की शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची, मास्तर अंदाजानं वय धरून जूनची तारीख टाकून मोकळे. त्याच आजोबांची थोरली बहीण म्हणाली, ह्यो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालाय, मी होते की घरात. पण सन विचारला तर तिलाही सांगता येईना. मग एक पोरगी म्हणाली, दाखल्यावरची शाळेत घातल्याची तारीख मात्र खरी असणार, कारण तेव्हा मास्तर स्वतः तिथं होते. कुणी लिहिलं, त्यानं स्वतः बघितलं होतं का, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं हो.

आता हुतात्म्यांचं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, ८ मेला गोळीबार झाला, कोर्ट जळलं, पोलिस मारले गेले, १२ मेपासून मार्शल लॉ. पुढं पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सरकारच्या लेखी हा दंगा आणि खून, आपल्या लेखी हौतात्म्य. पोरांना मी एवढंच विचारते की दोन्ही बाजू कशावर एकमत आहेत? गोळीबार, जळालेलं कोर्ट, फाशी, हे दोघंही मान्य करतात. भांडण आहे ते सुरुवात कुणी केली आणि या चौघांचा हात होता का यावर. हे कळल्यावर पोरांचा आदर कमी झालेला मी तरी बघितला नाही, उलट पुराव्याशिवाय फाशी कशी दिली म्हणून तावातावानं भांडतात. आज लपवलं तर उद्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी 'तुम्हाला माहीत नसलेलं सत्य' म्हणून पाठवणारच, तेव्हा काय करायचं?

मोडीतले कागद लहान पोरांना देऊन उपयोग नाही हे तुमचं एकदम बरोबर, ते मीही देत नाही.

पण कॉलेजपर्यंत थांबायचं म्हणता ते कसं जमणार? आपल्या सोलापुरात १८७७ ला पहिली कापड गिरणी सुरू झाली, आता भोंगा ऐकून कामाला गेलेली माणसं किती उरलीत? ही पोरं कॉलेजात जाईपर्यंत विचारायचं तरी कुणाला? तुमच्या ओळखीत गिरणीतलं कुणी असेल तर कळवा, पोरांनी प्रश्न काढून ठेवलेत, पहिलाच प्रश्न आहे की रात्रपाळीला डबा कोण आणून द्यायचं.