पंख्याच्या वाऱ्याने मान आखडते म्हणे!

मावशीने पाठवलेला मेसेज मला आता तिसऱ्या ग्रुपवरून आलाय. झोपेत वारं लागलं की मानेतल्या शिरांमधलं रक्त गोठतं आणि मान आखडते. वारं जास्त लागलं तर तोंड वाकडं होतं. उपाय काय, तर मान कडकन मोडून घ्या आणि 'तीन दिवस डॉक्टरकडे जाऊ नका, आपोआप उतरतं'. एवढ्या उकाड्यात मावशी पंखा बंद करून मान धरून बसलीय, म्हणून लिहितेय.

रक्त गोठतं? पंख्याने रक्त गोठलं असतं तर मोटारसायकलवरून कुणी घरी पोहोचलंच नसतं. पुढे.

मान आखडते, यात अर्धं खरं आहे, मान्य. गार वारं लागलं की झोपेतही माणूस खांदे वर ओढतो, अंग चोरतो, आणि आधीच अवघडलेला स्नायू आणखी ताठरतो. पण बहुतेकदा मूळ कारण उशाशीच असतं. उशी फार उंच असते, नाहीतर पालथं झोपल्यामुळे मान तासन्‌तास एकाच बाजूला वळलेली राहते. मग खांद्याच्या फऱ्यापासून मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत जाणारा स्नायू धरतो, किंवा मणक्यांमधला छोटा सांधा दुखावतो. पंखा रोजच चालू असतो. पण मान धरली त्या रात्रीचाच तेवढा लक्षात राहतो.

खरा संताप तोंड वाकडं होण्यावर. एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडतो, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चेहऱ्याची नस सुजलेली असते आणि त्यामागे ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू असावा, असं मानतात. स्कॉटलंडमध्ये 551 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. दुखणं सुरू झाल्यापासून 72 तासांच्या आत उपचार सुरू केले होते. नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारी स्टिरॉइडची गोळी) घेतलेल्यांपैकी 94.4 टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांपैकी 81.6 टक्के. म्हणजे बरेच जण आपोआप बरे होतात, हे खरंच; मेसेजवाल्याने तेवढंच उचललंय. पण 72 तास म्हणजे किती दिवस, मोजा! ज्या तीन दिवसांत गोळी सुरू व्हायला हवी, नेमके तेच तीन दिवस हा माणूस घरी बसायला सांगतोय. शिवाय वाकडं तोंड पक्षाघाताचंही असू शकतं. तिथे तर तासांचा हिशेब असतो आणि ते घरी बसून ओळखायचं नसतं.

मान मोडून घेणं : नको. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होतं, पण होतं. शेक घ्या, हळूहळू मान हलवत राहा. साधी आखडलेली मान बहुधा काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत सुटते. ताप आणि जोराची डोकेदुखी असून हनुवटी छातीला टेकत नसेल, तर मात्र मेंदूज्वराची शक्यता असते. लगेच दवाखाना गाठा. हात बधिर पडला किंवा पडल्या-झडल्यानंतर मान दुखायला लागली, तरीही डॉक्टरच.

मावशी, पंखा लाव.